शिट्टी, मिनिटं आणि मोबाइल

दिवाळीच्या पुढेमागे वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी चालते. मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात त्या दिवसांत स्वयंपाकघराची वेळ शेत ठरवतं. सकाळी सात-साडेसातला वावराची वाट धरायची, तर त्याआधी चहा, भाकरी, भाजी, वरण, मुलांचे डबे आणि शेतात न्यायची शिदोरी असं सगळं उरकलेलं हवं. सोयाबीन घरात पडतं न पडतं तोच कापसाची वेचणी येते, तिच्यामागून तूर आणि हरभरा. वर्षातले कितीतरी महिने पहाटेचे दोन तास हे घरातले सगळ्यांत महाग तास असतात.

या दोन तासांवर आता बाजाराची नजर आहे. मोबाइलवर अ‍ॅप उघडा, पदार्थ निवडा, माणसं किती ते सांगा, बाकीचं यंत्र बघून घेईल, असं म्हणणारे विजेचे कुकर, शेगड्या, ओव्हन आणि पोळीयंत्रं शहरांतल्या घरांत शिरली आहेत. त्यांच्या जाहिराती गावातल्या मोबाइलवरही दिसतात. वेळ वाचेल आणि इंधन वाचेल, अशी दोन आश्वासनं त्या एका दमात देतात. ही दोन कामं मात्र वेगवेगळी आहेत. इंधन वाचतं ते भांडं, झाकण, दाब आणि आच यांच्या जोरावर. वेळ वाचतो तो चुलीपाशी उभं राहायची गरज संपली म्हणजे. अ‍ॅपचा उपयोग मुख्यतः दुसऱ्या कामात होतो, पहिल्यात फार थोडा. एवढं लक्षात ठेवलं की कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, हे ठरवणं सोपं जातं.

आच कुठे जाते

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या हिशेबात हे ०.०९ युनिटच्या आसपास येतं. तेच पाणी उकळून उकळून पूर्ण आटवायचं, तर आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ०.६३ युनिट लागतात. पाणी उकळवण्यापेक्षा ते आटवणं सातपट महाग आहे. स्वयंपाकघरातल्या इंधन-बचतीचं निम्मं शास्त्र या दोन आकड्यांत आहे.

उकळी फुटली की उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या आसपास थांबतं. आच दुप्पट केली तरी तापमान चढत नाही. वाढलेली उष्णता वाफ होऊन छपराकडे जाते. त्यामुळे मोठ्या आचेवर रटरटणारी डाळ आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजणारी डाळ यांना वेळ जवळपास सारखाच लागतो, गॅस मात्र सारखा लागत नाही. उकळी येईपर्यंत मोठी आच आणि उकळी आल्यावर बारीक, हा नियम आपल्या आज्यांना कुणी भौतिकशास्त्र न शिकवता ठाऊक होता. चुलीला वैल असायचा तो याच कारणाने. मुख्य चुलीवर भाकरी भाजायची आणि तिची उरलेली धग वैलावरच्या वरणाला किंवा दुधाला द्यायची. एरवी जुन्या पद्धतीच्या चुलीत जाळलेल्या पऱ्हाट्या-तुराट्यांच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्यात पोहोचते आणि बाकीची धुराबरोबर उडून जाते. वैल त्यातलीच थोडी अडवून धरत असे.

पेट्रोलियम बचतीचा प्रचार करणारी ‘पीसीआरए’ ही सरकारी संस्था १९७८ पासून काम करते. साध्या पातेल्याच्या तुलनेत प्रेशर कुकरमध्ये भाताला सुमारे २० टक्के आणि भिजवलेल्या हरभरा डाळीला सुमारे ४६ टक्के इंधन कमी लागतं, असं ती सांगते. दोन आकड्यांमधलं अंतर बोलकं आहे. जो पदार्थ शिजायला जास्त वेळ घेतो, त्यात बचत जास्त. पोहे, उपमा, पिठलं यांत वाचवण्यासारखं फार काही नसतं. तूर डाळ, हरभरा, वाल, मटकी यांच्यापाशी खरा हिशेब आहे, आणि वऱ्हाडातल्या जेवणात हेच पदार्थ रोज असतात.

शिट्टीचा गैरसमज

प्रेशर कुकर काय करतो? वाफ कोंडून आतला दाब वाढवतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत सुमारे एक वातावरणाचा जादा दाब असला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने वीस अंशांच्या फरकाने डाळ तीन-चारपट लवकर शिजते.

शिट्टी होते तेव्हा जास्तीचा दाब बाहेर पडत असतो. म्हणजे शिट्टी हा शिजण्याचा पुरावा नव्हे, आच गरजेपेक्षा मोठी असल्याचा तो पुरावा आहे. आपण मात्र पाककृतीच शिट्ट्यांत सांगतो: भाताला दोन, डाळीला चार, हरभऱ्याला सात. आच मोठी, पाणी कमी, कुकर लहान, वजन झिजलेलं, यांतलं काहीही बदललं की चार शिट्ट्यांचा अर्थ बदलतो. म्हणून एका घरच्या चार शिट्ट्यांत डाळ मऊ होते आणि शेजारच्या घरी ती टणक राहते. बरोबर रीत अशी: पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, तिथून मिनिटं मोजायची, वेळ झाली की गॅस बंद करायचा आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत डाळ फुकट शिजते, कारण ती उष्णता आपण आधीच विकत घेतलेली असते.

मोबाइलचा स्वयंपाकघरातला पहिला आणि सगळ्यांत स्वस्त उपयोग इथे आहे. शिट्ट्यांचा आवाज ऐकून मोजणारी अ‍ॅप निघाली आहेत, पण त्यांच्यापेक्षा मोबाइलमधलं साधं घड्याळ बरं. पहिली शिट्टी झाली की टायमर लावायचा. तो मराठीत बोलूनही लावता येतो, त्यामुळे कणकेचे किंवा पिठाचे हात धुवावे लागत नाहीत. शिट्टीकडून मिनिटांकडे येणं ही स्मार्ट स्वयंपाकाची पहिली पायरी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

लक्ष न देता स्वयंपाक व्हावा, ही इच्छा मोबाइलच्या फार आधीची आहे. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ बनवला. खाली कोळशाची छोटी शेगडी, तिच्यावर डब्यावर डबा, आणि वाफेवर भात, डाळ, भाजी एकदम. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या घरांतही तो होता. पुढे १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि प्रेशर कुकर हळूहळू घरोघरी गेला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने इकमिकच्याच वाटेने ‘सराई कुकर’ आणला. उसाच्या पाचटासारख्या शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या कोळशाच्या कांड्या त्यात वापरतात. शंभर ग्रॅमच्या आसपास कांड्यांत चार-पाच माणसांचा वरणभात आणि भाजी होते. कांड्या पेटवायच्या, डबे रचायचे, वरून आवरण घालायचं आणि आपल्या कामाला जायचं. कोळसा मोजकाच असल्याने स्वयंपाक झाला की आच आपोआप संपते, आणि आवरणामुळे अन्न गरम राहतं. वीज नाही, मोबाइल नाही, तरी इंधन आणि लक्ष दोन्ही वाचतं. कोणतंही स्मार्ट उपकरण विकत घेताना त्याला सराई कुकरच्या शेजारी ठेवून बघावं. आच वेळेवर थांबवणं आणि उष्णता बाहेर जाऊ न देणं, या दोन गोष्टी ते करत नसेल, तर बाकीची हुशारी शोभेची.

विजेचा प्रेशर कुकर आणि इंडक्शन

विजेचा प्रेशर कुकर या दोन्ही गोष्टी करतो. त्याच्या तळाशी साधारण एक किलोवॉटची तापणारी तबकडी असते, भांड्याभोवती दुहेरी आवरण असतं आणि आत तापमान व दाब ओळखणारे सेन्सर असतात. सुरुवातीला तबकडी पूर्ण जोरात तापते. दाब आला की ती बंद होते आणि दाब उतरायला लागला तरच मधून मधून चालू होते. कुकर पाऊण तास चालू दिसला तरी वीज त्यातला काही वेळच ओढली जाते. शिट्टी जवळजवळ होतच नाही, म्हणजे वाफही वाया जात नाही. पाच माणसांचं वरण आणि भात यांना मिळून अर्ध्या युनिटच्या आसपास वीज पुरते. ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणाऱ्या एका संशोधन कार्यक्रमात केनियातल्या कुटुंबांना रोजच्या स्वयंपाकाची नोंदवही ठेवायला सांगितलं होतं: काय शिजवलं, किती वेळ, किती इंधन. तिथेही घेवड्यासारख्या वेळखाऊ कडधान्यांतच विजेच्या प्रेशर कुकरचा मोठा फायदा दिसला. घेवड्याच्या जागी तूर आणि हरभरा ठेवले की तो धडा आपल्याकडेही लागू पडतो.

इंडक्शनची रीत वेगळी. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यात वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या लोखंडी तळातच प्रवाह फिरू लागतात आणि तळ स्वतः तापतो. ज्योत नसल्याने बाजूने उष्णता निसटत नाही. साधारण ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते. गॅसच्या चांगल्या शेगडीत, भारतीय मानकाप्रमाणे, ती किमान ६८ टक्के असायला हवी. तीही स्वच्छ बर्नर, निळी ज्योत आणि योग्य आकाराचं भांडं असेल तर. इंडक्शनला भांडं मात्र त्याच्या पसंतीचं लागतं. तळाला लोहचुंबक चिकटला तर ते चालेल. गावातल्या बहुतेक घरांतले साधे अ‍ॅल्युमिनियमचे कुकर आणि पातेली चालणार नाहीत. शेगडी दोन हजारांना घेतली आणि भांडी नव्याने तीन हजारांची घ्यावी लागली, असं व्हायला वेळ लागत नाही.

सिलिंडर की युनिट

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. शेगडीवर तिच्यातली ६०-६८ टक्के कामाला येते. तेवढंच काम इंडक्शनवर करायचं तर १३० ते १४५ युनिट लागतील. हिशेबाला १४० धरू. आता तुमच्याकडे सिलिंडर घरपोच ज्या भावाने येतो त्याला १४० ने भागा. सिलिंडर ८४० रुपयांना पडत असेल तर उत्तर ६ रुपये. तुमची वीज युनिटमागे सहा रुपयांहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. उज्ज्वला योजनेचं अनुदान मिळत असेल तर ते आधी किमतीतून वजा करा.

इथे एक खाच आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० या टप्प्यात तो बराच वर जातो. महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक विजेवर नेला तर वापर २०० च्या पुढे जाईल आणि जादा युनिटांपैकी बहुतेक महागड्या टप्प्यात पडतील. उलट, फक्त वरणभात विजेच्या कुकरमध्ये केला तर महिन्याला १२-१५ युनिट वाढतील आणि घर १०० च्या आतच राहील. म्हणून गावातल्या साध्या घरासाठी ‘सगळं विजेवर’ किंवा ‘सगळं गॅसवर’ यापेक्षा वाटणी बरी: वेळखाऊ पदार्थ विजेच्या कुकरला, भाकरी, फोडणी, चहा गॅसला. ‘ईईएसएल’ या सरकारी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये २० लाख इंडक्शन शेगड्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. अशा कार्यक्रमात शेगडी स्वस्तात मिळाली तरी दरमहाच्या बिलाचा हा भागाकार घरच्या घरीच करावा लागतो.

अ‍ॅप नेमकं काय करतं

स्वयंपाकाच्या अ‍ॅपची कामं चार. पहिलं, पाककृती आणि प्रमाण. पाच माणसांऐवजी आठ आली तर किती डाळ, किती पाणी, हे ते सांगतं. दुसरं, पायरी-पायरीने सूचना. ‘आता कांदा घाला, आता परता,’ असं सांगत ते शेगडीची आचही बदलतं. तिसरं, दुरून चालू-बंद करणं आणि वेळ लावून ठेवणं. चौथं, नोंद: किती वेळा चालवलं, किती वीज गेली.

घरातल्या सुगरणीला पहिल्या दोन कामांची गरज नसते. तिच्या हातात ते माप असतंच. त्यांचा उपयोग नवख्यांना होतो. शिकायला पुण्या-नागपुरात राहिलेला मुलगा, लग्नानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलेला नवरा, आई आजारी असताना चूल सांभाळणारी मुलं, यांना प्रमाण आणि क्रम सांगणारं अ‍ॅप खरोखर आधार देतं. तिसरं काम म्हणजे वेळेचा धनी. कुकर लावून गोठ्यात जाता येतं, मुलांची वेणीफणी करता येते, आणि काम झालं की मोबाइल वाजतो. चौथं काम दिसायला किरकोळ, पण बचत खरी होते की नाही हे तेच दाखवतं. महावितरणच्या अ‍ॅपवर मागच्या महिन्यांचा वापर दिसतो. नवं उपकरण आल्यावर आकडा किती चढला ते तिथे पाहावं.

या यंत्रांच्या यादीत एक मराठी नाव ठळक आहे. पुण्याच्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकी शिकून २००८ मध्ये पती ऋषी इसरानी यांच्यासह झिम्प्लिस्टिक ही कंपनी काढली. तिचं ‘रोटीमॅटिक’ हे यंत्र बाजारात यायला २०१६ साल उजाडलं. पीठ, पाणी आणि तेल वेगवेगळ्या डब्यांत भरायचं. यंत्र कणीक मळतं, गोळा करतं, लाटतं, भाजतं आणि फुगलेली पोळी बाहेर देतं, साधारण मिनिट-दीड मिनिटाला एक. ते वायफायने जोडलेलं असतं आणि त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून सुधारता येतं. पुऱ्या आणि पिझ्झाचे तळ त्यात नंतर अशाच सुधारणांनी आले. एका पोळीसाठी आठ वर्षं का लागावीत? कारण प्रत्येक पिठाचा ओलावा वेगळा, प्रत्येक दिवसाची हवा वेगळी. हात जे बोटांनी ओळखतो ते यंत्राला सेन्सरने मोजावं लागतं आणि पाण्याचं प्रमाण क्षणोक्षणी बदलावं लागतं.

आणि ही गोष्ट गव्हाची. गव्हात ग्लुटेन असतं. ते पिठाला लवचिक बांधून ठेवतं, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, तेवढ्यापुरता त्यातला स्टार्च चिकट होतो आणि त्या थोड्या वेळात भाकरी थापून तव्यावर गेली पाहिजे. वर पाणी फिरवायचं, उलटायची, मग ज्योतीवर फुगवायची. तो शेवटचा टप्पा इंडक्शनवर होत नाही, कारण तिथे ज्योतच नाही. वऱ्हाडातलं जेवण भाकरीशिवाय होत नाही तोवर गॅस किंवा चूल घरात राहणारच. परदेशातल्या मराठी घरांत रोटीमॅटिकने संध्याकाळचा अर्धा तास मोकळा केला असेल. इंझोरीतल्या पहाटेला त्याचा उपयोग थोडा, आणि किंमत एखाद्या दुभत्या जनावराएवढी.

गावातल्या अटी

स्मार्ट उपकरण विकत घेण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात.

पहिली, वायरिंग. २,००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्यापंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावली की सॉकेट तापतं, वितळतं. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग हवंच. नव्या वायरिंगचा खर्च उपकरणाच्या किमतीत धरा.

दुसरी, वीज गेली तर काय. बटणांच्या स्पर्शाने चालणारी अनेक उपकरणं वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत. पावसाळी संध्याकाळी वीज जाऊन आली की कुकर बंदच राहतो आणि अर्धकच्ची डाळ आत बसून राहते. आधीची स्थिती लक्षात ठेवून पुन्हा सुरू होणारं उपकरण घ्या. याच कारणाने ‘स्मार्ट प्लग’ सगळीकडे कामाचा नाही. खटक्याच्या बटणाचा साधा भातकुकर तो दुरून चालू करू शकतो. स्पर्शाच्या बटणांची इंडक्शन शेगडी त्याने चालू होत नाही. आणि शेगडी घरात कुणी नसताना दुरून पेटवूही नये.

तिसरी, उन्हाळा. ‘वेळ लावून ठेवा, संध्याकाळी घरी येईपर्यंत जेवण तयार’ ही सोय थंड देशांतल्या स्वयंपाकघरांना सोयीची. विदर्भात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. सकाळी आठला भिजत घातलेली डाळ दुपारी चारपर्यंत आंबते. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर पोट बिघडवणारे जिवाणू त्यात वाढतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ही सोय वापरा. उन्हाळ्यात वेळ फार तर दोन तासांची लावा. ‘गरम ठेवा’ हे बटण ६० अंशांच्या वर तापमान ठेवत असेल तरच त्याच्यावर विसंबा.

चौथी, इंटरनेट. काही उपकरणं कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय अर्धीच कामं करतात. रेंज गेली, कंपनीने सेवा बंद केली किंवा अ‍ॅप नव्या मोबाइलवर चाललं नाही, की महागडं यंत्र साध्या यंत्रापेक्षाही निकामी ठरतं. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: मोबाइल बाजूला ठेवला तर अंगावरच्या बटणांनी सगळी कामं होतात का? उत्तर ‘नाही’ असेल तर घेऊ नका.

पाचवी, झोपेतली वीज. वायफायवर वाट पाहत बसलेलं उपकरण दोन वॉट ओढत असेल तर वर्षाला साडेसतरा युनिट खातं. विजेच्या कुकरला महिनाभरात जेवढी वीज लागते, जवळपास तेवढी ही. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करणं, ही बचत कोणतंही अ‍ॅप शिकवत नाही.

दिवसाची वीज

वेळ लावून स्वयंपाक करण्याला महाराष्ट्रात आता दुसरं कारण मिळालं आहे. कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे स्मार्ट टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, म्हणून विजेचा वापर त्या वेळेकडे वळवायचा, असा त्यामागचा विचार. सकाळी सातला घर सोडणाऱ्या कुटुंबाला ही वेळ थेट सोयीची नाही. पण घरी आजी-आजोबा असतील तर संध्याकाळचं वरण साडेचारला लावता येतं. दाबाखाली बंद असलेलं वरण सात वाजेपर्यंत गरम राहतं, आणि शेतातून आलेल्या माणसाला फक्त भाकरी टाकायची उरते. छतावर सौर पॅनेल असेल तर हा हिशेब आणखी सोपा, कारण दुपारची वीज घरचीच.

विदर्भाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातलं बांचा हे आदिवासी गाव या वाटेने पुढे गेलं आहे. आयआयटी मुंबईने आखलेल्या संचांमुळे २०१८ च्या सुमारास तिथल्या सुमारे ७५ घरांत सौर पॅनेल, बॅटरी आणि विजेची शेगडी पोहोचली आणि लाकडाची चूल मागे पडली. तिथे ना अ‍ॅप होतं ना वायफाय. एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला किती वीज लागते हे आधी मोजून त्या मापाचं पॅनेल आणि बॅटरी दिली, हा त्यातला शहाणपणा. सूर्यावरचा स्वयंपाक मोठ्या प्रमाणावर शिर्डीत दिसतो. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ सौर तबकड्या सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर भक्तांचा भात-डाळ शिजतो.

पाच माणसांच्या घरासाठी

हे सगळं एका घरात कसं बसवायचं? पहिला टप्पा बिनखर्चाचा. डाळ आणि कडधान्य रात्री भिजवा, उन्हाळ्यात भिजवण्याची वेळ कमी करा. पातेल्यावर झाकण ठेवा. उकळीनंतर आच बारीक करा. शिट्ट्या सोडून मिनिटं मोजा आणि टायमर मोबाइलवर लावा. एकाच कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे असे डबे रचा. महिनाभर हे नेमाने केलं आणि सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिली, की तो किती दिवस जास्त पुरला हे आपोआप दिसेल.

दुसरा टप्पा विजेच्या प्रेशर कुकरचा. पाच-सहा लिटरचा, अंगावर बटणं असलेला, दुरुस्ती वाशिम किंवा कारंजाला होऊ शकेल असा. त्यात वायफाय नसलं तरी चालेल. तिसरा टप्पा १६ अँपिअरचा पॉइंट असेल तर एका इंडक्शन शेगडीचा. सिलिंडर अचानक संपला तर ती हाताशी असावी. अ‍ॅपने चालणारी महागडी यंत्रं चौथ्या टप्प्यात, आणि बहुतेक घरांना त्या टप्प्यापर्यंत जायची गरज पडणार नाही.

उरतो प्रश्न वाचलेल्या वेळेचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं दिसलं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. मधल्या पाच वर्षांत गॅस, कुकर, मोबाइल सगळं घरोघरी वाढलं. बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाची नऊ. स्त्री-पुरुषांमधलं अंतर एका मिनिटाने कमी झालं. यंत्र पंधरा मिनिटं वाचवतं आणि घर त्या पंधरा मिनिटांत दुसरं काम बाईच्याच हाती देतं, असा हा हिशेब आहे.

म्हणून विजेचा कुकर घरी आणाल तेव्हा तो चालवायला घरातल्या सगळ्यांनी शिकावं. त्यात डाळ-तांदूळ धुऊन घालणं, रेषेपर्यंत पाणी भरणं आणि एक बटण दाबणं, एवढंच काम आहे; ते दहावीतल्या मुलाला जमतं आणि त्याच्या वडिलांनाही. पहाटेचा कुकर एकाने लावला आणि भाकऱ्या दुसऱ्याने थापल्या, तरच इंधनाबरोबर वेळही खरोखर वाचतो.